बायबल, परंपरा आणि अध्यापनाधिकार: कुठल्या शिकवणुकीला किती वजन?

"हे बायबलमध्ये कुठे लिहिलंय?" कॅथलिक श्रद्धेवरचे निम्मे वाद इथून सुरू होतात. प्रश्न रास्त आहे. फक्त, जे लिहिलं गेलं तेवढंच प्रेषितांकडून, म्हणजे येशूने पाठवलेल्या शिष्यांकडून, आलं असं त्यात आधीच धरून चाललेलं असतं, आणि खुद्द बायबल तसं म्हणत नाही. थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात (२:१५) प्रेषित पौल तोंडी आणि पत्राने, अशा दोन्ही मार्गांनी मिळालेली शिकवण घट्ट धरून ठेवायला सांगतो. यावर हमखास पुढे केलं जाणारं वचन म्हणजे तीमथ्याला दुसरं पत्र ३:१६. सगळं शास्त्र ईश्वरप्रेरित आणि उपयोगी आहे असं ते वचन सांगतं. फक्त शास्त्रच पुरे, असं ते म्हणत नाही. शिवाय आदल्याच वचनात तीमथ्य हे शास्त्र बालपणापासून जाणतो असा उल्लेख आहे आणि त्याच्या बालपणी नव्या कराराचं एकही पुस्तक नव्हतं.

खरी अडचण पुस्तकांच्या यादीपाशी येते. कोणती पुस्तकं प्रेरित आहेत याची अनुक्रमणिका बायबलमध्ये नाही. नव्या कराराची आजची नेमकी २७ पुस्तकं अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या ३६७ सालच्या पत्रात मोजलेली सापडतात. हिप्पो (३९३) आणि कार्थेज (३९७) इथल्या धर्मसभांनी संपूर्ण बायबलची यादी केली, १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने ती मांडली आणि ८ एप्रिल १५४६ रोजी ट्रेंटच्या परिषदेने ती बंधनकारक ठरवली. जुना करार ४६, नवा २७, एकूण ७३. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं असतात. फरक सात पुस्तकांचा: तोबीत, युदीथ, मक्काबींची दोन, ज्ञानग्रंथ, सिराख आणि बारूख. एस्तेर आणि दानीएल यांतले काही भाग वेगळे.

ट्रेंटने ही सात पुस्तकं मागाहून घुसवली हा आरोप वरच्या तारखांपुढे टिकत नाही. पण ती सर्वांना पहिल्यापासून मान्य होती, हा आपल्या कॅथलिक बाजूचा दावाही खरा नाही. लॅटिन बायबलचा शिल्पकार संत जेरोम यालाच त्यांच्याबद्दल शंका होती. श्रद्धेची बाजू मांडणारे बरेच लेखक या मुद्द्यावर जेरोमला सोयीस्करपणे विसरतात. आणखी एक बारकावा असा, की ख्रिस्तसभेने (चर्चने) मान्यता दिली म्हणून ही पुस्तकं पवित्र झाली, असं कॅथलिक शिकवण म्हणत नाही. पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८७० मध्ये हे स्पष्ट नाकारलं. ती पवित्र आहेत कारण ती ईश्वरप्रेरित आहेत. ख्रिस्तसभेने त्यांना ओळखलं, एवढंच.

शास्त्र, परंपरा आणि अध्यापनाधिकार, म्हणजे मॅजिस्टेरियम, हे समजावताना तीन पायांची तिवई सर्रास वापरली जाते. मला ती पसंत नाही, कारण हे तीन पाय एका जातीचे नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 'देई व्हेर्बुम' (१८ नोव्हेंबर १९६५) या दस्तऐवजाचे परिच्छेद ९ आणि १० वाचले तर रचना वेगळी दिसते. शास्त्र आणि परंपरा एकाच दैवी झऱ्यातून येतात आणि दोन्ही मिळून देवाच्या वचनाची एकच ठेव होते. पोप आणि त्यांच्याशी ऐक्यात असलेले बिशप यांचा अध्यापनाधिकार या ठेवीचा अधिकृत अर्थ लावतो. तो वचनाच्या वर नाही, त्याच्या सेवेत आहे. जे सोपवलं गेलं तेवढंच तो शिकवू शकतो. शेवटच्या प्रेषिताबरोबर सार्वजनिक प्रकटीकरण संपलं, त्यामुळे कोणत्याही पोपला त्यात नवी भर घालता येत नाही.

मग अर्थ लावायला अधिकारी हवाच कशाला? ३२५ सालची निकेयाची परिषद पाहा. पुत्र, म्हणजे येशू, हा निर्माण केलेला आहे असं एरियस या धर्मगुरूचं म्हणणं होतं. अथानासियस नोंदवतो, की परिषदेत बायबलमधली जी जी शब्दयोजना सुचवली गेली ती ती एरियसच्या गटाने आपल्या अर्थाने मान्य केली. वचनं दोघांची तीच, श्रद्धा मात्र वेगळी. शेवटी 'पित्याशी एकाच तत्त्वाचा' हा बायबलबाहेरचा शब्दप्रयोग घ्यावा लागला, तोही बायबलचाच अर्थ राखण्यासाठी. नुसत्या वचनांच्या आधारे तो वाद मिटला नसता.

परंपरा म्हणजे जुनी रीत, हा समज सगळ्यात जास्त घोटाळा करतो. प्रेषितांकडून आलेली श्रद्धेची परंपरा आणि ख्रिस्तसभेच्या चालीरीती या दोन गोष्टी आहेत. कम्युनियनपूर्वीचा, म्हणजे मिस्सामध्ये पवित्र भाकर घेण्याआधीचा, उपवास घ्या. पूर्वी तो मध्यरात्रीपासून असे, १९५७ मध्ये तीन तासांवर आला, १९६४ मध्ये एका तासावर. यात श्रद्धेचा एक कणही बदलला नाही. धर्मगुरूंचं ब्रह्मचर्य हाही लॅटिन विधीतला शिस्तीचा नियम आहे. रोमशी ऐक्यात असलेल्या पूर्वेकडच्या ख्रिस्तसभांमध्ये विवाहित धर्मगुरू आहेतच. 'परंपरा मोडली' असा ओरडा ऐकू आला, की मोडलं ते यांपैकी कोणतं, हे आधी पाहावं.

आता वजनाचा प्रश्न. सर्वांत वर येतं देवाने प्रकट केलेलं म्हणून जाहीर झालेलं सत्य, म्हणजे डॉग्मा. इथे श्रद्धेनेच संमती द्यावी लागते. मरियेच्या स्वर्गोन्नयनाबद्दल (ती देहासकट स्वर्गात घेतली गेली या शिकवणीबद्दल) पोप बारावे पायस यांनी १९४६ मध्ये जगभरच्या बिशपांचं मत मागवलं आणि १ नोव्हेंबर १९५० रोजी 'आम्ही घोषित करतो, जाहीर करतो, व्याख्या करतो' अशा क्रियापदांनी घोषणा केली. त्याखाली येते निर्णायक म्हणून धरायची शिकवण. तिच्याखाली निर्णायक नसलेली पण अधिकृत शिकवण. तिला बुद्धी आणि इच्छेची आदरपूर्वक संमती अपेक्षित आहे, डॉग्माइतकी श्रद्धा नव्हे. ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या संहितेतली (कॅनन लॉ) कलमं ७५० आणि ७५२ हा फरक मांडतात.

एखादा दस्तऐवज यांपैकी कुठे बसतो हे ठरवण्याच्या तीन खुणा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 'लुमेन जेन्तियुम' या दस्तऐवजाच्या २५ व्या परिच्छेदात दिल्या आहेत: दस्तऐवजाचा प्रकार, तीच शिकवण किती वेळा आली, आणि भाषा कशी वापरली. संहितेचं कलम ७४९ चं तिसरं उपकलम तर सांगतं, की एखादी शिकवण अचूक, म्हणजे चुकूच न शकणारी, म्हणून ठरवली गेली हे उघड दिसत नसेल तर ती तशी मानू नये. हे उपकलम वादात फार कमी लोकांच्या तोंडी येतं, ही खेदाची गोष्ट.

गुंतागुंतीचं उदाहरण हवं असेल तर स्त्रियांना धर्मगुरूपद देता येत नाही असं सांगणारं पोप दुसरे जॉन पॉल यांचं १९९४ चं पत्र 'ओर्दिनात्सियो साचेर्दोतालिस' घ्या. ते पत्र स्वतः अचूक घोषणेच्या स्वरूपाचं नाही. मात्र त्यातली शिकवण ख्रिस्तसभेच्या नित्य आणि सार्वत्रिक अध्यापनातून आधीच अचुकपणे दिली गेली आहे, असं रोमच्या श्रद्धाविषयक विभागाने १९९५ मध्ये सांगितलं. म्हणजे 'पोपनी एक्स कॅथेड्रा (आपल्या सर्वोच्च अधिकाराने, अचूक घोषणा म्हणून) म्हटलं नाही, मग मोकळं' हा शॉर्टकट इथे चालत नाही. उलट टोकाची चूकही तितकीच नेहमीची. पत्रकारांना दिलेल्या मुलाखतीतलं पोपचं वाक्य उचलून त्याला शिकवणीचा दर्जा दिला जातो.

कॅटेकिझम, म्हणजे ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीचं पुस्तक, याबाबतही एक सावधगिरी. तो अधिकृत आणि उत्तम संकलन आहे, पण त्यात छापलं म्हणून प्रत्येक वाक्याचं वजन सारखं होत नाही. मृत्युदंडावरचा परिच्छेद २२६७ तर २०१८ मध्ये बदलला गेला. प्रत्येक मुद्द्याचं वजन तो मुद्दा मूळ जिथून घेतला तिथून ठरतं, म्हणून तळटिपा वाचाव्यात. एखाद्या वाक्याखाली परिषदेचा ठराव आहे, की एखाद्या पोपचं भाषण, हे तिथे लगेच कळतं.