तुम्ही विचारलंत म्हणून: "वय झालंय त्याचं, भूल झेपेल का?"

कुत्र्याचं ऑपरेशन ठरलं की हा प्रश्न येतोच. डॉक्टर, दहा वर्षांचा आहे तो, झेपेल ना? मी लगेच हो म्हणत नाही म्हणून काहीजण चिडतात, पण खरं सांगू का, नुसत्या वयावरून मला फार थोडं कळतं. दहा वर्षांचा धडधाकट लॅब्रॅडॉर आणि चार वर्षांचा लठ्ठ, घोरणारा पग असे दोघं समोर आले तर मला टेन्शन पगचंच येईल.

ब्रिटनमध्ये एक मोठा अभ्यास झाला होता, २००८ साली छापून आला, त्यात निरोगी कुत्र्यांमध्ये भुलीमुळे दगावण्याचं प्रमाण साधारण ०.०५ टक्के होतं आणि आजारी कुत्र्यांमध्ये १.३३. म्हणजे पंचवीसपटीहून जास्त फरक. म्हणून मी आधी शोधते ते हे की हा आजारी आहे का आणि ते आपल्याला कळलंय का. आम्ही १ ते ५ असा ग्रेड देतो, १ म्हणजे ठणठणीत, ५ म्हणजे ऑपरेशन केलं तरी वाचेल याची खात्री नाही असा. म्हातारपणाला स्वतःचा ग्रेड नाहीये, पण किडनी, लिव्हर, हृदय यांची दुखणी म्हातारपणी जास्त निघतात म्हणून रक्त तपासायचं. रिपोर्ट नॉर्मल आले की लोक सुटकेचा श्वास टाकतात, पण रक्ताच्या रिपोर्टमध्ये हृदयाची झडप गळतेय हे दिसत नाही, त्यासाठी स्टेथोस्कोप लावावा लागतो आणि मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा सळसळता आवाज, ऐकू आला तर पुढे एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

आणि तुम्हालाही विचारावं लागतं. रात्री खोकतो का, जिने चढताना मधेच थांबतो का, पाणी अचानक जास्त प्यायला लागलाय का, कधी चक्कर येऊन पडलाय का. गाढ झोपेत असताना मिनिटाला किती श्वास घेतो ते घरी मोजा, रोजच ३० च्या वर जात असेल तर मला ते आधी कळायला हवं. माझ्या टेबलावर तो घाबरून धापा टाकत असतो, तिथे मोजून काय उपयोग?

जातीचंही बघावं लागतं. चपट्या नाकाच्यांना भूल देताना तर जपावं लागतंच पण खरी कसोटी घशातली श्वासाची नळी काढताना असते, म्हणून तो चांगला जागा होऊन नळी नकोशी होईपर्यंत आम्ही ती ठेवतो. कोलीसारख्या काही जातींमध्ये एका जीनमुळे काही औषधं नेहमीच्या डोसलाही जास्त चढतात. ग्रेहाउंडच्या अंगावर फारशी चरबी नसते, काही औषधं त्याच्या शरीरातून उतरायला वेळ लागतो, शिवाय तो पटकन गार पडतो.

बरं, रिस्क आहे म्हणून ऑपरेशन टाळणं हेही दरवेळी सेफ नसतं. कुत्रीच्या गर्भाशयात पू झालाय आणि घरचे म्हणतात वय झालंय, राहू दे, तेव्हा मला गप्प बसवत नाही, कारण बहुतेकदा तो पूच तिला आधी मारतो. तिथे सलाईन लावून, बीपी सावरून, मग भूल द्यायची. घाईचं नसलेलं ऑपरेशन असेल तर मात्र मी बिनधास्त पुढे ढकलते.

अजून एक, त्याच अभ्यासात दगावलेल्यांपैकी जवळपास निम्मी कुत्री ऑपरेशन संपल्यावर गेली होती, त्यातली बरीचशी पहिल्या तीन तासांत. म्हणून भूल कोण देणार हे जसं विचारता, तसं नंतर त्याच्याजवळ कोण बसणार हेही विचारा. मला विचारलंत तरी राग येणार नाही.

उपाशी ठेवायचं म्हणजे किती ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, निरोगी मोठ्या कुत्र्याला हल्ली बहुतेकदा ४ ते ६ तास पुरतात, पाणी चालतं, अगदी लहान पिल्लांना मात्र इतका वेळ ठेवलं तर साखर उतरते. आणि सकाळी कोणी दया येऊन बिस्किट दिलंच असेल तर प्लीज सांगा. एकाने लपवलं होतं, इंजेक्शन दिल्यावर नळी घालायच्या आत कुत्र्याने उलटी केली, डोकं खाली करून तोंड साफ करेपर्यंत माझेच ठोके मोजायची वेळ आली होती. ओरडणार नाही हो, फक्त तारीख बदलेन.