पुढचं चाक गेलं

सोमवार, रात्री साडेअकरा

आक्काने आजही फोन घेतला नाही. दाजींनी घेतला. "गोळी दिलीय, झोपलाय," एवढं बोलून ठेवून दिला. भाच्याच्या कॉलर बोनचे दोन तुकडे झालेत. ऑपरेशन नको म्हणाले डॉक्टर, पट्टा बांधून ठेवायचा आणि सहा आठवडे हात हलवायचा नाही.

काल सोलापूरजवळ अक्कलकोट रोडच्या आत एका मोकळ्या रानात डर्ट रेस होती. ट्रॅक म्हणजे काय, तर आठ दिवसांत जेसीबीने उकरलेली काळी माती, उड्यांच्या जागी मुरूम आणि वळणांवर रचलेले जुने टायर. भाचा फायनलमध्ये चौथा चालला होता. तिसऱ्या लॅपला मोठ्या उडीनंतरच्या डाव्या वळणावर पुढचं चाक घसरून गेलं. गाडी एकीकडे, तो एकीकडे.

संध्याकाळी दवाखान्याबाहेर चहाच्या गाड्यावर खटला सुरू झाला. एक म्हणाला, टायर गोटा झालता. दुसरा म्हणाला, "नाही बे, टँकरवाल्याने तिथंच पाणी सोडलं, धूळ बसावी म्हणून." सगळ्यात मोठ्या आवाजात मी बोललो. "पोराचीच चूक आहे. ओल्यात पुढचा ब्रेक धरतात होय?" सगळे गप्प झाले, कारण गाडी मी बांधली होती आणि पोरगा माझ्याच बहिणीचा. मामाच म्हणतोय म्हटल्यावर कोण काय बोलणार?

आज दुपारी त्याच्या मित्राने मोबाईलवर व्हिडिओ पाठवला. गॅरेजला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून बोटाने थोडा थोडा पुढं सरकवत बघितला. उडीवरून गाडी उतरते, शॉकअप खाली बसतात, त्याची दोन बोटं ब्रेकच्या लिव्हरवर जातात. पुढं काळपट पट्टा दिसतो, तोच तो ओला. त्याच्या आधीचा पोरगा पट्ट्याच्या वरच्या अंगाने गेलेला, कोरड्यातून. हा आतून येतो. मग हँडल एकदम आत वळतं, आणि संपलं. माझंच खरं निघालं असं वाटून जरा बरंही वाटलं, हे इथंच लिहून ठेवतो.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून गाडी स्टँडवर घेतली. हिरोची जुनी इम्पल्स, १५० सीसी. इंजिनखाली लाकडी ठोकळा दिला, पुढचं चाक हवेत. हँडल एका बोटाने डावीकडून उजवीकडे फिरवलं. मधोमध येताना बारीकसा खटका लागला. परत फिरवलं, परत तिथंच. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, खराब झालं की असं होतं. वाटीत छर्ऱ्यांनी खळगे पाडलेले असतात आणि हँडल सरळ आलं की छर्रे त्या खळग्यांत बसतात. रस्त्यावर फारसं कळत नाही, गाडी जरा डुलते इतकंच. पण मातीत हँडल सतत बारीक बारीक फिरवत राहावं लागतं. तिथं ते मधे धरायला लागलं की रायडर जरा जास्त जोर लावतो आणि हँडल सुटतं ते हवं त्याच्या पुढं जातं.

शुक्रवारी रात्री हाच खटका माझ्या बोटाला लागला होता. "एवढं चालतंय, रेस झाली की बदलू," असं मीच म्हणालो होतो. कामाला पोऱ्या होता समोर, त्यानंही ऐकलंय.

मंगळवार

झोप नीट नाही. पहाटे उठून मोबाईलवर मोटोजीपीच्या, म्हणजे मोटरसायकलींच्या जागतिक स्पर्धेच्या, जुन्या रेस बघत बसलो.

बार्सिलोनाची २०२४ ची शनिवारची स्प्रिंट, म्हणजे छोटी रेस. पहिला राऊल फर्नांडेझ पुढं होता, पडला. मग ब्रॅड बाइंडर पुढं आला, तोही पडला. मग बान्याया, आणि तो पडला थेट शेवटच्या लॅपला, पाचव्या वळणावर. एका रेसमध्ये पुढं चाललेले तिघे एकामागून एक खाली. जिंकला अलेइश एस्पारगारो. त्या ट्रॅकला ग्रिप कमी, हे सगळ्यांना माहीत. मग चूक ट्रॅकची म्हणायची का? पण रविवारी ट्रॅक तोच, वळण तेच, आणि बान्यायाने त्याच पाचव्या वळणावर मार्टिनला मागं टाकून रेस मारली. म्हणजे शनिवारी चूक त्याची होती. निदान मला तरी तसंच वाटतं. त्या वर्षी त्यानं रविवारच्या अकरा रेस जिंकल्या आणि तरी विजेतेपद दहा पॉइंटांनी मार्टिनच्या हाती घालवलं. मार्टिनच्या खालीही तसलीच डुकाटी होती. तिथं गाडीवर बिल फाडता येत नाही.

पण २०१८ चं इंग्लंडातलं सिल्व्हरस्टोन घ्या. ट्रॅकवर त्याच वर्षी नवीन डांबर टाकलेलं. शनिवारच्या सरावात पाऊस आला आणि पाणी वाहून जाईना, थारोळं साचलं. टिटो राबात तिथं घसरला, बाजूला खडीत उभा होता, तेवढ्यात त्याच जागी मोर्बिडेल्ली घसरला आणि त्याची गाडी येऊन राबातच्या पायावर बसली. मांडीचं हाड मोडलं. रविवारची रेसच रद्द झाली. एकाच जागी एकामागून एक माणसं पडायला लागली की जागेकडे बघायचं असतं, ही अक्कल गाववाल्यालाही असते. आपल्याकडं रस्त्याच्या एका वळणावर तीन अपघात झाले की लोक लिंबू-मिरची तरी बांधतात.

आणि २०२० चा ऑस्ट्रियातला विन्यालेस. सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेक लागेना, तेव्हा दोनशेच्या वरच्या वेगात गाडीवरून उडी मारली. गाडी पुढं जाऊन भिंतीला धडकली, पेटली. भाच्याने तेव्हा हे वीस वेळा बघितलं असेल, "मामा, कसली हिंमत!" म्हणत. गाडीने दगा दिला, यात वाद नाही. पण ब्रेकवाल्यांनी जास्त थंड राहणारी नवी कॅलिपर, म्हणजे डिस्क दाबणारा भाग, देऊ केली होती आणि त्यानं जुनीच ठेवली होती. वर, ब्रेक ढिला पडतोय हे अगोदरच्या लॅपांत त्याला कळलेलं. मग ही मशीनची चूक की माणसाची? मला आजवर ती मशीनची वाटायची. आज पहाटे नक्की सांगता येईना.

हवेचं मी मात्र नीट केलं होतं, उगाच सगळं अंगावर घ्यायचं नाही. सकाळी गारव्यात १४ पीएसआय भरली, उन्हात गाडी उभी राहून फायनलच्या आधी मीटर १६ च्या वर गेला, म्हणून दोन सोडली. मोटोजीपीत तर या हवेवरून दंड होतो. २०२५ च्या नियमाने पुढच्या टायरला कमीत कमी १.८ बार पाहिजे, आपल्या मीटरवर साधारण २६. कमी भरली तर रेसमध्ये सोळा सेकंदांचा दंड. २०२५ ला थायलंडमध्ये मार्क मार्केझ पुढं असताना मुद्दाम भावाच्या मागं गेला, मागं राहून टायर तापावं आणि हवा वाढावी म्हणून. नंतर पुढं येऊन जिंकला. आमच्या रेसमध्ये मीटरवाला मी एकटाच होतो. बाकीचे अंगठ्याने दाबून बघत होते.

बुधवार

पूर्व भागातला माझा दोस्त आला होता, पॉवरलूमवाला. स्कूटरचे ब्रेक लायनर बदलायचे होते. त्याला सगळं माहीत झालेलं, सोलापुरात बातमीला किती वेळ लागतो! मी म्हटलं, "पोरगा ब्रेक धरून पडला की." तो म्हणाला, "तुझ्या वडिलांना काय म्हणायचा रे मालक?"

मी गप्प.

वडील चादरीच्या कारखान्यात जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या लूमवर, होते. नगावर पैसे. चादरीत डाग आला, धागा सुटला की त्या नगाचे पैसे कापायचे. आणि डाग कशाने येतो, तर उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की ताण्याचे धागे तटातटा तुटतात. सायझिंग, म्हणजे धाग्याला खळ देणं, नीट झालं नसेल तरी तुटतात. लूम जुना असेल, ठोका कमीजास्त पडत असेल, तरी तुटतात. वडील हे सगळं मालकाला सांगायचे आणि मालक एकच वाक्य बोलायचा, "हात कुणाचा होता?" हात वडिलांचाच असायचा. पगाराच्या दिवशी ते घरी येऊन शेंगाचटणी-भाकरी पुढं घेऊन बसायचे आणि कुणाशी बोलायचे नाहीत. आईने विचारलं तर म्हणायचे, "माझाच हात होता."

दोस्त स्कूटर घेऊन गेला. लायनरचे पैसे घेतले नाहीत, त्याने ठेवले तरी.

मग बसून विचार केला. रायडरची चूक म्हणणं सगळ्यांना परवडतं. ट्रॅक करणाऱ्याला टँकरचं बोलावं लागत नाही, मला कोनसेटचं बोलावं लागत नाही. पडलेला माणूस पट्ट्यात अडकलेला असतो, तो कुठं उठून भांडणार? २०१३ ला ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंडला नवीन डांबरावर टायर फाटायला लागले, म्हणून सत्तावीस लॅपची रेस एकोणीसवर आणली आणि मधे गाडी बदलायची सक्ती केली. मार्केझ एक लॅप उशिरा आत आला आणि त्याला काळा झेंडा दाखवला. मोजणी चुकली होती टीमची. बाद झाला तो, यादीत नाव त्याचं. टीमला काळा झेंडा कोण दाखवतो?

तरी ब्रेक भाच्यानेच धरला होता, व्हिडिओत दिसतंय. ते मी पुसू शकत नाही. ओलं त्याला टाळता येत होतं, पुढच्याने टाळलं होतं. पण कोनसेट नवा असता तर घसरलेलं चाक त्यानं सावरलं असतं का? त्याच्यासारखं पोर, कदाचित सावरलं असतं. रोज शंभर चुका होतात गाडीवर, त्यातल्या नव्याण्णव गाडी पोटात घालते. माझी गाडी ती शंभरावी पोटात घालायच्या लायकीची नव्हती.

शुक्रवार

नवीन कोनसेट आणला. जुन्या वाट्या ठोकून काढल्या. पुसून उजेडात धरल्या तर खळगे डोळ्यांना दिसत होते, गोल ओळीत, नखाला लागतील एवढे.

चार वाजता भाचा आला. दाजी सोडून गेले, आत आले नाहीत. हात पट्ट्यात, शर्टाची एक बाही मोकळी लोंबत होती. आल्या आल्या डाव्या हाताने हँडल फिरवून बघितलं.

"बदललं होय मामा?"

"हं." मग सांगून टाकलं. गेल्या शुक्रवारी खटका लागला होता, मी चालवून घेतलं, आणि दवाखान्याबाहेर सगळ्यांदेखत तुझ्यावर ढकललं. एवढं बोलायला मला दोन चहा लागले.

तो वाट्या हातात घेऊन बघत होता. म्हणाला, "मला माहीत होतं की. सकाळच्या प्रॅक्टिसलाच हँडल मधे धरत होतं."

"मग बोलला का नाहीस बे?"

"बोललो असतो तर तुम्ही फायनल सोडायला लावली असती."

लावली असती का? तेही मला सांगता येत नाही. नंतर मी टँकरचं विचारलं, ओलं दिसलं होतं का म्हणून. दिसलं होतं म्हणाला. पुढचा वरून गेला तेव्हाच ठरवलं की आतून गेलं तर त्याला गाठता येईल.

बराच वेळ तसेच बसलो. पोऱ्याने लाईट लावला. निघताना भाचा म्हणाला, "आईला यातलं काही सांगू नका, नाहीतर गाडीच विकायला लावेल." मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. रविवारी आक्काकडे जेवायला जायचंय. जेवायला ये, असा निरोप दाजींकडून आलाय, तिच्याकडून नाही. गाडी अजून ठोकळ्यावरच आहे, पुढचं चाक हवेत.