सपाट प्रकाशाची नोंदवही : तिरप्या किरणांचा हिशेब

संगणकावर सपाट, म्हणजे दोनच मिती असलेल्या, जगात प्रकाशाचे किरण सोडायचे आणि त्यांच्या रेषा एकमेकींवर साचवत चित्र काढायचे, असा हा माझा उद्योग. गेल्या नोंदीत एक दिवा, त्यातून यादृच्छिक दिशांना सुटणारे किरण आणि वाटेत उभा केलेला एक आरसा एवढ्यावर काम थांबले होते. या महिन्यात आरशाच्या जागी वाटी आली. स्टीलच्या वाटीत तळाशी थोडा चहा उरलेला असताना खिडकीतून तिरपे ऊन आले, की चहावर दोन कमानी एका टोकाशी जुळल्यासारखी जी तेजस्वी रेषा उमटते, ती आपण सर्वांनी पाहिलेली आहे. समांतर किरण वर्तुळाकार भिंतीच्या आतल्या बाजूवरून एकदा परावर्तित झाले की ती तयार होते. गणितात तिला नेफ्रॉइड म्हणतात आणि तिचे टोक केंद्रापासून अर्ध्या त्रिज्येवर असते. मी त्रिज्या ४०० पिक्सेल ठेवली होती, टोक २०० पिक्सेलवर पडले, आणि परावर्तनाचे गणित बरोबर असल्याची खात्री पटली.

चित्र मात्र मनासारखे उतरत नव्हते. वाटी काढून नुसता दिवा ठेवल्यावर त्याच्याभोवती अधिक चिन्हासारखे उजळ पट्टे दिसू लागले. दिशा निवडणाऱ्या यादृच्छिक संख्यांतच खोट असावी असे मी धरून चाललो आणि त्यापायी दोन संध्याकाळी वाया घालवल्या. खोट रेषा काढण्याच्या पद्धतीत होती. १०० पिक्सेल लांबीची आडवी रेषा १०० पिक्सेल उजळते. ४५ अंशांत तिरपी गेलेली रेषाही १०० पिक्सेलच उजळते, पण तिची खरी लांबी सुमारे १४१ असते. म्हणजे तेवढ्याच लांबीमागे तिरपा किरण जवळजवळ २९ टक्के कमी प्रकाश सांडतो. एकच रेषा पाहताना हे लक्षात येत नाही, लाखो रेषा एकमेकींवर साचल्या की उघडे पडते. उपाय एका ओळीचा निघाला : किरणाच्या लांबीला त्याच्या आडव्या आणि उभ्या अंतरांपैकी मोठ्या अंतराने भागायचे आणि येणाऱ्या संख्येने तेजाला गुणायचे. आडव्या किरणाला १, ४५ अंशांच्या किरणाला १.४१४. त्यानंतर दिव्याभोवतीचे वलय खरोखर गोल झाले. सपाट जगात तेज अंतराच्या वर्गाच्या नव्हे, तर अंतराच्याच व्यस्त प्रमाणात उतरते, त्यामुळे उजेड दूरवर रेंगाळतो. या चित्रांचे निम्मे सौंदर्य मला त्या रेंगाळण्यातच वाटते.

दुसरी चूक सांगताना थोडी लाज वाटते. प्रकाश साठवण्यासाठी मी १६ बिटांचा फ्लोट बफर, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचे तेज दशांश संख्येत साठवणारी स्मृतीतली जागा, घेतला होता आणि प्रत्येक किरणामागे १ मिळवत होतो. इतक्या कमी बिटांत मोठ्या संख्येतला बारीक फरक मावत नाही : २०४८ मध्ये १ मिळवला तरी उत्तर २०४८ च राहते, त्यामुळे उजळ जागा काही वेळाने गोठून सपाट व्हायच्या. ३२ बिटांचा बफर घेतला आणि विषय मिटला.

आता वाटीच्या जागी पाण्याचा थेंब आहे. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे पाण्यात शिरताना प्रकाश किती वाकतो ते सांगणारी संख्या, तांबड्या प्रकाशासाठी सुमारे १.३३१ आणि जांभळ्यासाठी १.३४३ च्या आसपास धरला. पृष्ठभागावर पोचलेला किरण परावर्तित व्हावा की अपवर्तित, हे, किती प्रकाश परावर्तित होतो ते सांगणाऱ्या फ्रेनेलच्या सूत्राने मिळणाऱ्या संभाव्यतेवर सोडले. बहुतेक प्रकाश थेंबातून सरळ पार जातो, म्हणून आत एकदा परावर्तित होऊन मागे फिरणारा पट्टा, म्हणजेच इंद्रधनुष्य, किरण अपुरे असल्याने दिसणाऱ्या दाण्यांतून सावकाश वर आला. आलेल्या किरणाच्या रेषेशी तांबडा ४२ अंशांच्या थोडा पुढे, जांभळा ४० च्या जरा वर. तो पहिल्यांदा ओळखू आला तेव्हा मी घरातल्यांना हाक मारून बोलावले, त्यांना मात्र फक्त राखाडी ठिपके दिसले.

या चित्रात पांढरा प्रकाश किंचित गुलाबी दिसत होता. वर्णपटातला निळसर हिरवा रंग पडद्याच्या तीन रंगांत बसवताना तांबड्याची किंमत ऋण येते आणि मी ती प्रत्येक किरणामागे शून्यावर आणत होतो. साहजिकच बेरजेत तांबडा जास्त व्हायचा. आता ऋण किंमत बफरमध्ये तशीच जाते आणि छाटणी सर्वांत शेवटी, पडद्यावर दाखवताना होते.

दोनदा आतल्या आत परावर्तित झालेल्या किरणांचा पट्टा ५१ अंशांपाशी यायला हवा, पण तो अजून दाण्यांतच बुडालेला आहे. दाणे निम्मे करायचे तर किरण चौपट लागतात, त्यामुळे आज रात्री संगणक चालूच ठेवून झोपणार आहे.