चुंबक घसरलं तेव्हा

जालन्यात लोखंडाचा धंदा मोठा. भट्ट्यांवर कुठून कुठून भंगार येतं, वितळतं आणि सळई होऊन बाहेर पडतं. त्या ट्रकांमध्ये जुन्या गाड्यांचे सांगाडेही असतात. माझं गॅरेज भट्ट्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावरच आहे, त्यामुळे कितीतरी फियाट आणि अँबॅसेडर माझ्या डोळ्यांदेखत वजनकाट्यावर चढल्या. क्रेनचं चुंबक खाली येतं, टप उचलतं आणि ढिगावर टाकतं. त्या टपाखालचं इंजिन अजून चाललं असतं, हे आपल्याला दिसत असतं आणि काही करता येत नाही. म्हणून अंबडकडचे अण्णा गॅरेजवर येऊन म्हणाले, "वडिलांची फियाट गोठ्यात उभी हाय, भंगारवाला किलोनं मागायलाय, तू एकदा बघून घे," तेव्हा हातातलं काम पोरांवर सोपवून तसाच त्यांच्यामागे निघालो.

गाडी १९६७ ची, फियाट अकराशे डिलाइट. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं हे मॉडेल १९६४ मध्ये आणलं. पुढे थोडेफार बदल होत हीच गाडी १९७४ पासून 'पद्मिनी' झाली आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून मुंबईत घराघराला माहीत झाली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, गिअर स्टेअरिंगच्या दांडीवर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. बोनेट उघडलं की इंजिनाच्या चहूबाजूंनी हात फिरतो. पाने आणि पेचकस एवढ्यावर सगळं उघडतं, सगळं समजतं. मला या गाड्या आवडतात त्या यासाठीच.

अण्णांच्या गाडीवर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. डिकीत वर्षानुवर्षं मोसंबीच्या बागेचं खत ठेवलेलं, त्यानं डिकीचा तळ पार खाऊन टाकला होता. पायाखालचा पत्रा बोटानं दाबला तरी आत जायचा. इंजिन जाम. पुढची जाळी मधे कधीतरी पद्मिनीची बसवलेली. पण काचा शाबूत होत्या, आणि आरसीबुक अण्णांच्या आईनं ट्रंकेत जपून ठेवलं होतं. मी तिथंच होकार दिला.

इंजिनाचं फार सांगत बसत नाही. प्लगच्या भोकांतून डिझेल आणि ऑइल सोडून मुरू दिलं, मग हँडलनं हळूहळू फिरवून मोकळं केलं. बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन टाकले, क्रँक ग्राइंड केला, व्हॉल्व्ह पेस्ट लावून सीटवर घासले. ब्रेकच्या व्हील सिलिंडरना आतून खड्डे पडले होते, तिथं लेथवर स्टीलच्या स्लीव्ह करून बसवल्या. किंगपिन बदलले. पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून कायमच्या गेल्या, पण सामान अजून मिळतं. ऑपेरा हाउसच्या पार्टवाल्यांकडे बरंच काही हाती लागलं. डिलाइटची खरी जाळी मात्र हैदराबादला एका भंगारवाल्याकडे सापडली. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा डायाफ्राम, म्हणजे आतला पडदा, नव्या रबराचा घेतला, कारण आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगतं आणि फाटतं. आपल्याच उसाचं इथेनॉल, पण जुन्या गाडीवाल्यानं ते लक्षात ठेवलंच पाहिजे.

खरं काम पत्र्याचं होतं आणि ते आमच्या डेंटरचं, चाचांचं. चाचांचं वय झालंय, डोळ्यांना चष्मा लागलाय, पण हातोडी आणि डॉली हातात घेतली की दुकानातली पोरं आपोआप गप्प होतात. बाहेरून हातोडी, आतून डॉली, म्हणजे टेकू द्यायचा लोखंडी ठोकळा, आणि दोन्हींच्या मधे पत्रा. एका ठिकाणी जोरात मारायचं नाही, नाहीतर पत्रा ताणून फुगतो. फुगला तर गॅसनं रुपयाएवढा ठिपका लाल करायचा, हलकेच ठोकायचा आणि ओल्या फडक्यानं थंड करायचा, म्हणजे तो आकसतो. हे मी लिहितोय तेवढं सोपं अजिबात नाही. तळाचा पत्रा त्यांनी सगळा नवा कापला. त्यातल्या नळ्या, म्हणजे मजबुतीसाठीच्या उभ्या खाचा, लाकडी ठोकळ्यावर हातानं पाडल्या.

आजकाल ठोकलेल्या गाडीवर सर्रास लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुटी, थापतात. दोन तासांत काम सरतं, वरून रंग मारला की चकचकीत. पण ती लांबी दमट हवेत ओल धरते, खालचा पत्रा कुजतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांत रंगाला फोड येतात. त्यामुळे आमच्याकडे ठरलेलं आहे, आधी पत्रा सरळ करायचा. लांबी लागलीच तर नखाएवढ्या जाडीच्या आत.

रंग उतरवताना मागच्या उजव्या मडगार्डावर तळहाताएवढा एक राखाडी भाग उघडा पडला. मला वाटलं जुनी लांबी, म्हणून मी ग्राइंडर उचलला. चाचांनी हात धरला. चाकूच्या टोकानं त्यांनी ओरखडा काढला, तर आत चांदीसारखं चकाकलं.

"ये सीसे का काम है बेटा. इसकू हात नक्को लगाओ."

लांबी येण्याआधी खड्डे असेच भरत. साधारण सत्तर भाग शिसं आणि तीस भाग कथील. हे मिश्रण एकदम पातळ होत नाही, काही वेळ लोण्यासारखं मऊ राहतं. तेवढ्यात चरबी लावलेल्या लाकडी पट्टीनं ते पत्र्यावर चढवायचं, बसवायचं आणि थंड झाल्यावर कानशीनं घासून गोलाई आणायची. पत्र्याला कल्हई नीट झालेली नसेल तर ते धरतच नाही. चाचा तरुणपणी उस्तादाकडे हे शिकले होते. आता जालन्यात ते करणारं दुसरं कोणी मला माहीत नाही.

अण्णांचं मत होतं, तो भाग कापून नवा पत्रा लावावा. "शोला न्यायची गाडी, ठिगळ कामून ठेवायचं?" चाचांनी त्यांना मडगार्डाखाली बसवलं, आतून टॉर्च मारला. पन्नास वर्षांत मागच्या बाजूला गंजाचा ठिपका नव्हता. मग अण्णांना आठवलं की बहात्तरच्या दुष्काळात वडील गुत्तेदारीच्या कामांवर हिंडत, तेव्हा खडीच्या ट्रकनं गाडीला मागून घासलं होतं. ते तिथंच बसून राहिले आणि म्हणाले, "राहू द्या मग."

रंग मूळचाच दिला, फिकट आकाशी. नोंदणीचं कामही झालं. ५० वर्षांवरच्या आणि मूळ रूपात ठेवलेल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्रानं विंटेजचे नियम केले. नव्यानं नोंदवलेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो, आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. अण्णांनी अर्थातच जुना ठेवला. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शनाला आणि रॅलीला नेता येते.

प्रदर्शन छत्रपती संभाजीनगरला होतं, मार्चमधल्या रविवारी. ट्रेलर करू, असं बरेच जण म्हणाले. मला ते पटलं नाही. चालत नसेल तर गाडी दुरुस्त झाली असं मी मानत नाही. उजाडायच्या आत निघालो. अण्णा स्टेअरिंगवर, मी शेजारी, चाचा मागे. बदनापूर, शेकटा, करमाड, तापमानाचा काटा हलला नाही. चिकलठाण्याला चहा घेतला आणि आठच्या आत मैदानावर पोचलो.

परीक्षक दोघं होते. त्यातले वयस्क गृहस्थ फार बारकाईनं बघत होते. हॉर्न, वायपर, सगळे दिवे लावून पाहिले. सतरंजी टाकून गाडीखाली झोपले. मग खिशातून फडक्यात गुंडाळलेलं छोटं चुंबक काढलं आणि दरवाजे, मडगार्ड, बोनेट असं सगळीकडे लावत चालले. चुंबक लोखंडी पत्र्याला टच्चकन धरत होतं. मागच्या उजव्या मडगार्डावर ते लावलं आणि सोडलं, तर ते घसरून खाली पडलं.

त्यांनी परत लावलं. परत पडलं. आजूबाजूला दुसऱ्या गाड्यांचे मालक जमले होते, त्यातलं कोणीतरी "लांबी हाय" म्हणालं. परीक्षकांनी कागदावर लिहायला सुरुवात केली. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलणार, तोवर चाचा पुढे झाले होते.

"साहब, लिखने के पैले अंदर से देखो."

चाचांनी मडगार्डाखालचा एक भाग रंग न देता नुसता वॉर्निश मारून ठेवला होता. हे मलाही त्या दिवशीच कळलं. परीक्षक वाकले, टॉर्च मारला. पत्र्याच्या फटीतून मागे उतरलेलं शिसं दिसत होतं, त्यावर जुन्या गॅसच्या ज्योतीचे डाग. त्यांनी नखानं ओरखडलं. मग चाचांना विचारायला सुरुवात केली. मिश्रण काय, पट्टी कुठल्या लाकडाची, कल्हईला नवसागर वापरत का. चाचा सांगत होते आणि ते ऐकत होते. मघाशी लांबी म्हणणारेही ऐकायला पुढे सरकले. शेवटी परीक्षकांनी कागदावरची ओळ खोडली आणि चाचांना विचारून त्यांचं नाव तिथं लिहिलं. माझ्या इतक्या वर्षांच्या धंद्यात गुणपत्रकावर डेंटरचं नाव आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. नाव मालकाचं येतं, फार तर गॅरेजचं.

दुपारी शहरातून फेरी निघाली. क्रांती चौकाजवळ गर्दीत गाडी रेंगाळली, उन्हानं पंपातल्या पेट्रोलची वाफ झाली आणि इंजिन बंद पडलं. अण्णांचं उपरणं भिजवून पंपाला गुंडाळलं, थोडा वेळ थांबलो, आणि पहिल्याच सेल्फला गाडी चालू झाली. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या गटात दुसरा क्रमांक आला. टायर रेडियल आहेत म्हणून गुण गेले, ते रास्तच होतं, त्या काळी या गाडीला रेडियल येत नव्हते.

निघताना पैठणकडचे एक गृहस्थ त्यांची अँबॅसेडर दाखवायला चाचांना घेऊन गेले. नुकताच रंग दिलेला, आरशासारखी चकाकत होती. याला असंच टिकाऊ काम करून द्या म्हणाले. चाचांनी मडगार्डावर बोटांची पेरं वाजवली, आवाज बद्द आला.

"पैले पूरा रंग उतारो, फिर बात करो."

नव्या रंगावर पाणी सोडायचं म्हणजे जिवावर येणारच. ते गृहस्थ दोन आठवड्यांनी स्वतः गाडी घेऊन आले. आता ती आमच्या शेडमध्ये उघडी उभी आहे. डाव्या मडगार्डातून बोटभर जाडीची लांबी निघाली, खालचा पत्रा चाळणी झालाय. चाचांनी नवा पत्रा आखून ठेवलाय आणि गॅरेजातल्या सगळ्यात लहान पोराला डॉली धरायला बसवलंय.