तुम्ही विचारलंत म्हणून: अजून एपेक्सच का?

"मॅडम, अजून एपेक्सच?" मुलाखतीला आलेली मुलंसुद्धा हे विचारतात, तेही थोड्या दयेनं. एपेक्स म्हणजे ओरॅकल डेटाबेसवर वेब-ॲप बांधायचं साधन. त्याचं उत्तर एकदाचं सांगून टाकते.

माझ्याकडे डेटाबेस आधीपासून असतो, वेब नंतर येतं. बहुतेक फ्रेमवर्कं, म्हणजे वेब-ॲपचे तयार सांगाडे, उलटं धरून चालतात: तुम्ही कोडमध्ये क्लास लिहा, टेबलं आम्ही बनवतो. साखर कारखान्याच्या ऊसबिलाची टेबलं ओरॅकल फॉर्म्सच्या, म्हणजे ओरॅकलच्या जुन्या डेटा-एंट्री स्क्रीनच्या, काळापासूनची. त्यांची प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी ओळखायची खूण, तीन कॉलमची: हंगाम, सभासद नंबर, पंधरवडा. ती कोणाच्या सोयीसाठी बदलणार नाही.

आमच्या मुलांनी जँगो, पायथनमधलं असंच एक फ्रेमवर्क, या टेबलांवर लावून पाहिलं. आणि नाही, त्याला माझा विरोध नव्हता. ॲडमिनच्या स्क्रीन आयत्या मिळतात, मलाही आवडल्या. मुलांनी इन्स्पेक्टडीबी, म्हणजे टेबलं वाचून कोड लिहून देणारी जँगोची कमांड, चालवलं, जुन्या टेबलांची मॉडेल्स (प्रत्येक टेबलाचा क्लास) तयार झाली. पण जँगोला तेव्हा एकाच कॉलमची की चालायची. जास्त कॉलमची सोय 5.2 मध्ये आली, 2025 साली. म्हणून इन्स्पेक्टडीबीनं पहिला कॉलम, म्हणजे हंगाम, हीच की धरली. तसं कॉमेंटमध्ये लिहूनही ठेवलं. कॉमेंट वाचतो कोण!

ट्रायलला एका सभासदाची सोसायटीच्या कर्जाची कपात दुरुस्त करायची होती. तिन्ही कॉलम लावून रेकॉर्ड शोधलं, बरोबर तेच आलं. कपात बदलून सेव्ह केलं, तर ओआरए-00001: युनिक कन्स्ट्रेंट मोडतोय, म्हणजे एकच की दोन ओळींना बसतेय. डेटाबेस ओरडून सांगत होता. त्यावर एकानं तोडगा काढला: सगळे कॉलम कशाला लिहायचे, अपडेट-फील्ड्समध्ये फक्त कपात देऊ. एरर गेला, टाळ्या पडल्या. कारखान्याचे चीफ अकाउंटंट शेजारीच बसले होते. त्यांनी यादी खाली सरकवली, पुन्हा वर नेली आणि म्हणाले, "बाई, सगळ्या गावाचं कर्ज सारखंच कसं?" ट्रेस, म्हणजे डेटाबेसला गेलेला हुकूम, काढला. सेट कपात, व्हेअर हंगाम: जिथे हा हंगाम, तिथे ही कपात. बस्स. हंगामातल्या प्रत्येक सभासदाच्या प्रत्येक पंधरवड्याला तीच कपात बसली होती.

ट्रायलचा सर्व्हर होता म्हणून निभावलं. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, हा 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम. खऱ्या बिलात हे झालं असतं तर मला गेटातून बाहेर पडू दिलं नसतं.

एपेक्स काय सोवळं आहे? त्याच्या जुन्या विझार्डलाही दोनच कॉलमची की कळायची, तिसरा आला की रोआयडी, म्हणजे ओरॅकलमधला त्या ओळीचा पत्ता, घ्या. पण रोआयडी म्हणजे एकच ओळ, अख्खा हंगाम नव्हे. रिपोर्ट म्हणजे मी लिहिलेली क्वेरी, ती मला दिसते. मधे दुसऱ्यानं ओळ बदलली असेल तर सेव्ह करताना ते अडतं.

बाकी तुमच्या तक्रारी खऱ्या आहेत. दोघांचे बदल गिटमध्ये (कोडमधले बदल सांभाळणारं साधन) एकत्र करताना डोकं उठतं. फडात रेंज नसताना स्लिपबॉयला (फडात उसाच्या स्लिपा देणारा कारखान्याचा माणूस) एपेक्स निरुपयोगी, तिथे वेगळं मोबाइल ॲप करावंच लागलं. ओरॅकलचं लायसन्स तर बोलायलाच नको. एकेकाळी मीच म्हणायचे की एफ7-एफ8शिवाय (ओरॅकल फॉर्म्समध्ये रेकॉर्ड शोधायच्या कळा), ब्राउझरमध्ये डेटा एंट्री होणारच नाही. त्या बाईला आज विचारलं तर ती अजूनही तेच म्हणेल, आणि वेगाच्या बाबतीत तिचं चुकीचं नाही.

पुढचं काम पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर आहे, तिथे एपेक्स चालत नाही. मुलं म्हणतात जँगो 5.2 घेऊ, कीचं आता सुधारलंय. इन्स्पेक्टडीबी त्यांनी परवाच चालवलं. मी अजून हो म्हटलेलं नाही. मॉडेल्सच्या फाइलमधल्या कॉमेंट वाचतेय.