सरांच्या खोक्यातले दगड

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा म्हणून फोन आला. गॅदरिंग, कबड्डी, गोकाकची सहल हे बाकीचे लिहितीलच, मी आपलं सायन्सच्या सरांच्या खोक्याबद्दल लिहितो.

बुटांचं खोकं होतं ते. आत गारगोटी, अभ्रक, शंखजिरं, गंधक, गॅलेना (शिशाचं खनिज), पायराईट (लोखंड न गंधकाचं खनिज) आणि चंदगडकडच्या बॉक्साईटचा एक तुकडा. सर रंग विचारायचेच नाहीत. दगड फोडून ताजी बाजू खिडकीकडं करायला लावायचे न म्हणायचे, "रंग सोड रे, उजेड कसा परत येतोय ते बघ की." गारगोटीची चमक काचेची, शंखजिऱ्याच्या पापुद्र्याची मोत्याची, गंधकाची राळेची, आणि बॉक्साईट म्हणजे नुसती माती, कितीही फिरवा काही नाही. त्यातूनच पुढं चकचकीत अ‍ॅल्युमिनियम निघतं हे आम्हाला पटायचंच नाही, बेळगावात अ‍ॅल्युमिनाचा कारखाना असून सुद्धा!

कारण मात्र सोपं आहे. धातूत इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात, ते उजेडाला आत शिरूच देत नाहीत, वरच्यावर परत फेकतात, अ‍ॅल्युमिनियम तर शंभरातला नव्वदच्या आसपास. गारगोटीवर सरळ पडलेल्यातला ५ टक्के पण परत येत नाही, बाकीचा आत जातो. हिरा साधारण १७ टक्के परत देतो, म्हणून त्याचा भाव (आणि तोरा) वेगळा.

गॅलेना न पायराईट धातूसारखे चमकतात पण धातू नव्हेत. हातोडी मारली की गॅलेनाचे चौकोनी तुकडे पडतात, धातू असता तर चेपला असता. पायराईट सोन्यासारखा दिसतो म्हणून सगळ्यांनाच हवा असायचा, पण फरशीच्या खरबरीत बाजूवर घासला की काळी-हिरवट रेघ.

पुढं मी बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीला, म्हणजे बिडाच्या ओतकामाच्या कारखान्यात लागलो न तिथं हेच कामाला आलं. वितळलेलं बीड साच्यात ओतायच्या आधी त्यातलंच थोडं घेऊन एक छोटी पाचर ओतून, गार झाली की तोडून बघतो. तुटलेली जागा राखाडी, मंद दिसली तर बिडातला कार्बन ग्राफाईट होऊन बसलाय, माल बरोबर. टोकाकडनं पांढरी चकाकी लांबपर्यंत आत आली असली तर कार्बन लोखंडाशी जोडून टणक कार्बाईड झालंय, तो माल लेथवर टूल खातो. आता धातूत काय किती आहे ते मोजणारा स्पेक्ट्रोमीटर आहे, नवीन पोरं त्याचाच कागद बघतात, बघू देत, पण त्यात कार्बन किती ते कळतं, कसा बसलाय ते पाचरच सांगते. पांढरं जास्त दिसलं की लेडलमध्ये (वितळलेल्या बिडाच्या भांड्यात) थोडं फेरोसिलिकॉन टाकायचं, म्हणजे कार्बन ग्राफाईट होऊन बसतो, न दुसरी पाचर ओतायची.