सुप्याच्या माळावर झाडं नकोत

पावसाळा तोंडावर आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर वृक्षारोपणाची टूम निघते. यंदा एका काकांनी लिहिलं, "सुप्याकडे एवढा माळ ओसाड पडलाय, तिथे वड-पिंपळ लावू." मी सरळ नाही म्हटलं, तर मीच पर्यावरणाची वैरी ठरले! झाडं लावायचीच हौस असेल तर हडपसरच्या रस्त्यांवर लावा की. सावलीवाचून माणसं तिथे करपतायत.

सुप्याचा माळ ओसाड नाही. पुण्याहून सोलापूर रस्त्याने चौफुल्याला उजवीकडे वळलं की पुढे मयूरेश्वर अभयारण्य लागतं. १९९७ साली चिंकारा हरणांसाठी राखलेलं, जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं. पाऊस बेताचा, मातीचा थर पातळ, खाली मुरूम. अशा जमिनीत गवतच फोफावणार, मधूनच एखादी बोर नाहीतर बाभूळ. चिंकाऱ्याला हेच मानवतं. त्याला लांबवरचं दिसावं लागतं आणि धोका दिसला की उधळायला मोकळं रान लागतं. पाण्याचं म्हणाल, तर पाल्यातल्या ओलाव्यावर आणि दवावर तो कितीतरी दिवस काढतो. लांडगा, खोकड, तरस हीदेखील या उघड्या माळांचीच जनावरं.

माझा जीव मात्र धाविकावर. तांबूस अंगाचा, डोळ्यावर काळी-पांढरी पट्टी ओढलेला हा पक्षी तुरुतुरु पळतो, गपकन थांबतो, वाकून किडा टिपतो, की पुन्हा पळ. थांबला की मुरमात असा मिसळतो की दुर्बिणीतूनही हरवतो.

माळावरून आलं की मोज्यांत कुसळं भरलेली असतात. एक उपटून ओल्या तळहातावर ठेवून बघा. त्याची पिळदार शेपटी ओल लागताच पीळ सोडत फिरायला लागते. याच फिरण्यानं बी स्वतःला जमिनीत रुजवून घेतं. त्याला कुदळ नको, खड्डा नको, फोटोपुरते जमलेले पाहुणेही नकोत.

हिवाळ्यात गेलात तर मध्य आशियातून आलेले भोवत्या ससाणे गवतावरून खालून खालून तरंगताना दिसतील. टोळ हे त्यांचं आवडतं खाणं. उन्हाळ्यात जाणार असाल तर गाडीवाट सोडू नका. धाविक, टिटवी, पखुर्डी यांची अंडी उघड्या जमिनीवर असतात, रंग मुरमाचाच, आणि पाय पडेपर्यंत ती दिसत नाहीत.